ओल्या चाकावर दगड घासताना: घरच्या घरी केलेली जुळणी

सहाण

नदीत पाण्याखाली पडलेला गोटा किती देखणा दिसतो आणि खिशात घालून घरी आणला की तासाभरात कसा फिका पडतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांच्यासाठी हा धागा. कोरड्या दगडाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यांवर उजेड विखुरतो आणि आतला रंग झाकला जातो. पाणी ते खळगे भरतं म्हणून ओला दगड खुलतो. झिलई करायची म्हणजे हे खळगेच इतके बारीक करत न्यायचे की पाण्याची गरज उरू नये.

गारगोटी, अकीक, जॅस्पर ही सगळी क्वार्ट्झची भावंडं. मोहसच्या पट्टीवर (खनिजांची कठीणता १ ते १० मध्ये मोजणारी) यांची कठीणता ७ च्या आसपास. लोखंडी कानस यांच्यावरून नुसती घसरते. त्यामुळे घासायला सिलिकॉन कार्बाइड (पट्टीवर ९ च्या वर) किंवा हिरा (१०), हे दोनच खरे पर्याय. मी सुरुवात हातानंच केली होती, पण एका अकिकाला नीट घुमट यायला आठवडा लागला, तेव्हा यंत्र करायचं ठरवलं.

माझी जुळणी अशी आहे. पाव अश्वशक्तीची बंद बॉडीची इंडक्शन मोटर, मिनिटाला १४४० फेरे. २० मिमीचा शाफ्ट, तो दोन पी-२०४ पेडेस्टल बेअरिंगमध्ये बसवलेला. मोटर आणि शाफ्ट यांच्यात पट्टा. चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसवलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण मग पाणी आणि वीज एकाच जागी आली असती. पट्ट्यामुळे मोटर मागे, वीतभर वर आणि प्लायच्या आडभिंतीपलीकडे ठेवता आली. एवढ्या एका कारणासाठी पट्ट्याचा खटाटोप करावाच.

पट्ट्याचा दुसरा फायदा वेगाचा. आधी दोन्ही पुल्या सारख्या होत्या. १५० मिमीचं चाक १४४० फेऱ्यांनी फिरलं की त्याची कड सेकंदाला साधारण ११ मीटर धावते. दगड झकास कापला जायचा, पण पाणी चाकावर टिकायचंच नाही, सगळं माझ्या चष्म्यावर. मग मोटरवर २ इंची आणि शाफ्टवर ३ इंची पुली लावली. फेरे ९६० वर आले, कडेचा वेग साडेसात मीटरवर. दगड थोडा सावकाश झिजतो, पण हात स्थिर राहतो आणि पाणी जागेवर राहतं. मला हाच वेग मानवला.

शाफ्टच्या एका टोकाला ८० आणि २२० ग्रिटची हिऱ्याचा थर दिलेली चाकं शेजारी शेजारी (ग्रिट म्हणजे दाण्याचा क्रमांक, आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक). दुसऱ्या टोकाला फोम चिकटवलेली तबकडी, तिच्यावर वेल्क्रोनं ४००, ८०० आणि १२०० चे वॉटर पेपर बदलत लावायचे. शेवटी नमद्याची तबकडी आणि पाण्यात कालवलेलं सेरियम ऑक्साइड, म्हणजे झिलईची पूड.

चाकांभोवती प्लॅस्टिकचा मोठा डबा कापून खोका केला. तळाला भोक, भोकाला नळी, नळीखाली बादली. वरच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी अशी लोंबती सोडली की ती चाकाला जेमतेम टेकते, त्यामुळे वर उडणारं पाणी तिथेच अडतं. बेअरिंग आणि खोका यांच्या मध्ये शाफ्टवर रबराची एक घट्ट चकती आहे. शाफ्टवरून सरकत येणारं पाणी तिच्यावर चढतं आणि फेकलं जातं. ही चकती नव्हती तेव्हा बेअरिंग तीन महिन्यांत गंजून खरखरायला लागलं होतं.

आता पाण्याबद्दल, कारण सगळा जीव तिथे आहे. वर पाच लिटरचा कॅन टांगला आणि सलाईनचा सेट जोडला. त्याची चकती फिरवून धार हवी तेवढी बारीक करता येते. मात्र थेंब नुसता फिरत्या चाकावर सोडला तर तो दगडापर्यंत पोचायच्या आतच उडून जातो. म्हणून नळीचं तोंड स्पंजच्या पट्टीत खोचलं आणि ती पट्टी चाकाला अगदी हलकी टेकवली. आता पाणी पूर्ण रुंदीवर पातळ पसरतं. पाणी पुरतंय की नाही हे दगडाकडे पाहून कळतं. चाक जिथे दगडाला भिडतं तिथे पाण्याची चमकती कड सतत दिसायला हवी. तिच्याजागी पांढरी पेस्ट जमू लागली की पाणी कमी पडतंय, हात उचला.

विजेचं: अर्थिंग हवंच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, बटण कोरड्या जागी, ओला हात न लावता बंद करता येईल असं. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडतो.

एक चूक सांगून थांबतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी बादलीत मत्स्यटाकीचा छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवत होतो. दोन महिने १२०० च्या पेपरवर दगडाला अधूनमधून खोल ओरखडा पडायचा. पेपर बदलले, फोम बदलला, स्वतःच्या हाताला दोष दिला. शेवटी पांढऱ्या बशीत बादलीतलं पाणी घेऊन निथळू दिलं, तर तळाशी ८० च्या चाकावरून निघालेले दगडाचे कण बोटाला टोचत होते. ते पंपातून वर चढून बारीक पेपरवर येत होते. तेव्हापासून चाकावर ताजंच पाणी. धार बारीक असली की पाच लिटर बराच वेळ पुरतं.

---

कुतूहल

वाचनखूण साठवली! खूप दिवस असं काहीतरी शोधत होतो. तीन शंका. घरी जुन्या मिक्सरची मोटर पडून आहे, ती चालेल का? शिवाय एक बेंच ग्राइंडर आहे, २८५० फेऱ्यांचा, त्यावरच पाण्याची नळी सोडली तर? आणि एवढा छोटा दगड हातात धरता कसा? मी विचार करूनच बोटं आवळून घेतोय.

---

सहाण

मिक्सरची मोटर नको. ती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्यांनी धावते, थोडा वेळ चालून थांबायचं असा तिचा धर्म आहे, आणि हवा खेळण्यासाठी ती उघडी असते. उघडी मोटर आणि पाणी एकत्र आणायचं नाही.

बेंच ग्राइंडरवर १५० मिमीचं चाक सेकंदाला २२ मीटरनं धावतं. त्यावर पाणी टिकणार नाही, आणि चाक मोटरला चिकटून असल्यानं जे उडेल ते थेट आत जाईल. त्याला कोरड्या कामालाच ठेवा, म्हणजे लोखंडाच्या. दगडाला तो लावूच नका.

दगड धरायला डॉप काडी. बोटाएवढी लाकडी काडी घ्यायची, टोकाला लाख वितळवून गोळा करायचा आणि त्यावर दगड बसवायचा. दगडही आधी हळूहळू गरम करावा लागतो. थंड दगडाला लाख धरल्यासारखी वाटते, पण चाकावर पहिल्याच दाबाला टणकन सुटते. लाख मऊ असतानाच ओल्या बोटांनी दगडाच्या पाठीवर चांगली चढवून घ्या. काम झालं की काडीसकट फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा, नंतर हलक्या झटक्यानं दगड सुटतो.

काडी हातात आली की दगड चाकावर नुसता टेकवायचा आणि सतत फिरवत राहायचं. दाब दिला की सपाट पट्टा पडतो, आणि हिऱ्याच्या चाकावर तर दाबानं थरच उखडतो.

---

जुनापाना

सहाण, मनापासून लिहिलंत. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, म्हणून चाकाबद्दल दोन गोष्टी जोडतो.

हिऱ्याची चाकं परवडत नाहीत म्हणून पुष्कळ जण हिरवी सिलिकॉन कार्बाइडची चाकं घेतात. काम छान देतात, पण ती सच्छिद्र असतात. थांबलेलं चाक पाण्यात अर्धं बुडून राहिलं तर तेवढा अर्धाच भाग पाणी पितो आणि जड होतो. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की चाक लडबडतं, आणि वेगात असं चाक फुटूही शकतं. त्यामुळे आधी पाणी बंद करायचं, मग चाक दोनेक मिनिटं रिकामं फिरवून आतलं पाणी झटकून टाकायचं, मग मोटर बंद. हा क्रम कधी उलटा होऊ देऊ नका.

नवं चाक बसवण्याआधी बोटावर अडकवून लाकडी मुठीनं हळूच टकटक करा. खणखणीत वाजलं तर बसवा. बद्द वाजलं तर आत तडा आहे, चाक फेकून द्या. पडलेलं चाक तर वरून कितीही धड दिसलं तरी पुन्हा वाजवून बघायचंच. दोन्ही बाजूंच्या फ्लँजखाली (चाकाला दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या धातूच्या चकत्यांखाली) जाड कागदाच्या चकत्या ठेवा आणि नट आवळताना जोर करू नका.

आणखी एक. सहाणसारखी दोन्ही टोकांना चाकं लावणार असाल तर एका टोकाच्या नटाला डावे आटे हवेत. दोन्हीकडे उजवेच आटे असले तर एक नट फिरता फिरता आपोआप सैल होत जाईल. चाकाचा वरचा काठ आपल्याकडे येऊन खाली जाणारा असावा, म्हणजे दगड निसटला तर खाली खोक्यात पडतो. सुरू करताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला. सैल बाही नको, हातमोजे नकोत.

जाता जाता: जर्मनीत इडार-ओबरश्टाइनला पाणचक्कीवर वालुकाश्माची पुरुषभर उंचीची चाकं फिरायची आणि कारागीर लाकडी घोडीवर पालथे पडून, पायांनी मागे रेटा देत अकीक घासायचे. अंगाचं सगळं वजन दगडावर यावं म्हणून. हिऱ्याच्या चाकावर आज आपण नुसता दगड टेकवतो ते काम तिथे अख्ख्या शरीरानं व्हायचं.

---

ओलाकागद

ज्यांना लगेच यंत्र जमणार नाही त्यांनी खट्टू होऊ नये. जाड काचेचा तुकडा, त्यावर पाण्यानं चिकटवलेला वॉटर पेपर आणि शेजारी पाण्याचं भांडं, एवढ्यावर मी पाच वर्षं काम करतोय. नवाश्मयुगात गुळगुळीत कुऱ्हाडी वालुकाश्मावर पाणी घालून घासूनच तर केल्या गेल्या. कॅल्साइट, संगमरवर यांसारखे ३ कठीणतेचे दगड हातानं तासाभरात आकार घेतात. अकीक मात्र खरोखर अंत बघतो, त्याला ८० चा पेपर पाच मिनिटांत बोथट होतो.

हातानं करताना एक शिकायला मिळतं, कोणत्या ग्रिटवर दगड कसा बोलतो ते. ८० वर खरखर, ४०० वर रेशमी सरसर, १२०० वर जवळपास शांतता. १२०० वर मध्येच एक 'कर्र' आला की कुठूनतरी जाड कण आलाय. डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं.

---

श्वास

मला यंत्रातलं काही कळत नाही. तरी लिहिते, कारण हे कुणी पुरेशा जोरानं लिहिलेलं दिसलं नाही.

माझे काका एका कारखान्यात दगड कोरडे कापायचे आणि घासायचे. धूळ पांढरी, बारीक, केसांवर आणि पापण्यांवर बसलेली. घरी यायचे तेव्हा आम्ही पोरं त्यांना 'पीठवाले काका' म्हणायचो. पन्नाशीत त्यांना एक मजला चढवेना. सिलिकोसिस. फुप्फुसात गेलेले सिलिकाचे कण बाहेर येत नाहीत, त्यांच्याभोवती व्रण धरतात, आणि झालेला व्रण भरून निघत नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहिला.

जे कण खोल जातात ते १० मायक्रॉनपेक्षा लहान, डोळ्यांना न दिसणारे. म्हणजे हवेत धूळ दिसत नाही याचा अर्थ धूळ नाही असा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये अशा सिलिकाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय.

पाणी धूळ धरून ठेवतं, खरं आहे. पण ते पाणी वाळलं की काय? खोक्याच्या कडेला, जमिनीवर, तुमच्या शर्टावर जो चिखल सुकतो ती तीच धूळ. दुसऱ्या दिवशी झाडू मारला की उडाली. कृपा करून याबद्दलही लिहा. घरात लहान मुलं असतात.

---

सहाण

श्वास, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. हे माझ्या पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं.

मी काय करतो ते सांगतो. काम संपलं की सगळं ओलं असतानाच खोका, ट्यूबची पट्टी आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसून घेतो, फडकं बादलीतच पिळतो. झाडू कधीच नाही. रबरी एप्रन घालतो आणि तो तिथेच धुतो. स्पंज वाळू देत नाही, पाण्यात ठेवतो. शिवाय चाक वेगात असताना पाण्याचे जे अगदी सूक्ष्म तुषार उडतात त्यांतही कण असतात, म्हणून पाणी असलं तरी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन९५ मास्क लावतो आणि काम घराबाहेरच्या पडवीतच करतो.

बादलीतला गाळ मोरीत ओतायचा नाही. तो नळीत बसून दगडासारखा होतो. रात्रभर निथळू द्यायचा, वरचं पाणी अलगद काढायचं आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत घट्ट बांधून टाकायचा.

आणि काही दगड घरच्या चाकावर घेऊच नयेत. मॅलकाइटमध्ये तांबं असतं, सिन्नाबारमध्ये पारा. कोणता दगड आहे हे ओळखता येत नसेल तर तो आधी ओळखून घ्या.

---

चपटीचकती

उभ्या चाकाऐवजी आडवी चकती का नाही कुणी सुचवली? २०० मिमीची अॅल्युमिनियमची तबकडी, वर हिऱ्याची पातळ चकती, उभ्या शाफ्टवर ५०० फेरे. पाणी मध्यावर सोडलं की आपोआप बाहेरच्या कडेकडे पसरतं, स्पंज वगैरे भानगड नाही. कडेला वेग सेकंदाला ५ मीटर, मध्यावर शून्य, त्यामुळे नाजूक भाग आतल्या बाजूला आणि रगडायचं काम कडेला. सपाट पृष्ठभाग आणि पैलूंना याला तोड नाही.

खरी अडचण बेअरिंगची. वरचं बेअरिंग बरोबर पाण्याच्या खाली येतं. तबकडीच्या पोटाशी उलट्या वाटीसारखं झाकण आणि खोक्याच्या तळाला मधोमध उभी नळी, म्हणजे पाणी नळीच्या काठापेक्षा वर चढत नाही, अशी रचना केली तरच टिकतं.

---

सहाण

चपटीचकती, सहमत. पैलूंसाठी आडवीच. माझं काम बहुतेक घुमटांचं, त्याला उभ्या चाकाचा गोलावा हाताला सोयीचा पडतो.

---

कुतूहल

महिनाभरानं आलोय. पट्ट्यावरची जुळणी केली, जुनापाना यांनी सांगितलेले डावे आटेही मिळवले. पहिला अकीक काल पूर्ण झाला, पण पूर्ण म्हणवत नाही. ओला असताना आरसा. पुसून दिव्याखाली तिरका धरला की घुमटावर केसाएवढ्या चार-पाच रेघा, सगळ्या एकाच दिशेला. सेरियमवर वीस मिनिटं घासलं, हलत नाहीत. पाणी ताजंच वापरतोय.

---

सहाण

एकाच दिशेच्या आहेत हे तुम्ही पाहिलंत, तिथेच अर्धं उत्तर मिळालं. मधूनच आलेल्या कणाचा ओरखडा एकटा आणि वाकडातिकडा असतो. समांतर रेघा म्हणजे आधीच्या ग्रिटच्या राहिलेल्या खुणा. ८० च्या पेपरचा दाणा साधारण २०० मायक्रॉनचा, २२० चा ६८, ४०० चा ३५, १२०० चा १५. चाकांचे आकडे थोडे वेगळे असतात, पण प्रमाण असंच. २२० ची खोल रेघ १२०० नं काढायला बसलात तर दिवस जाईल, आणि सेरियम तर तिला फक्त चमकवतं.

प्रत्येक ग्रिटवर रेघांची दिशा बदला. २२० वर उभं घासलं असेल तर ४०० वर आडवं. मग दगड पूर्ण कोरडा करा, कारण ओल्यावर रेघ दिसतच नाही, आणि दहापट भिंगातून एकाच दिव्याखाली फिरवून बघा. उभी रेघ एकही दिसली तर अजून ४०० च. आणखी एक जागा तपासा: लाखेची कड. मऊ लाखेत जाड कण रुतून बसतात आणि पुढच्या पेपरवर सुटतात. ग्रिट बदलताना काडी आणि लाख दात घासायच्या जुन्या ब्रशनं वाहत्या पाण्यात घासून घ्या.

---

कुतूहल

लाखेच्या कडेला नख लावलं, खरोखर कण लागले. पण मोठा दोष तुम्ही म्हणता तोच, २२० वरून मी घाईनं उठलो होतो. भिंगातून पाहिलं तर पाचही रेघा उभ्याच आहेत. दगड काडीवर पुन्हा चढवलाय, लाख गार होतेय. उद्या सकाळी ४०० वर आडवा घेतो आणि इथे कळवतो.